ईस्टर सरकतो, ऊन थांबत नाही: नागपूरच्या शिवारात ख्रिस्ती घराचे फेब्रुवारी ते एप्रिल

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आधी ईस्टरवर खूण करा आणि तिथून मागे मोजत या. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला. २०२८ मध्ये ईस्टर १६ एप्रिलला आणि राखेचा बुधवार १ मार्चला. एका वर्षात एकोणीस दिवसांचा फरक. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. एखाद्या वर्षी होळीच्या आठवड्यात, एखाद्या वर्षी हनुमान जयंती झाल्यावर.

नागपूरचं ऊन मात्र कुणाची वाट पाहत नाही. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार तापू लागते, मार्च संपता संपता पारा ३८ च्या आसपास जातो आणि एप्रिलमध्ये ४० ओलांडतो. त्यामुळे घरात कामांच्या दोन वेगळ्या याद्या लागतात. एक ईस्टरला बांधलेली: झावळ्या, रंगवलेली अंडी, कबरींची सफेदी, वेदीवरचा मोगरा. दुसरी उन्हाला बांधलेली: खुडूक (उबवायला तयार झालेली) कोंबडी अंड्यांवर बसवणं, भाजीची पेरणी, गव्हाची काढणी, खुराड्याचं छप्पर. घोळ होतो तो दुसऱ्या यादीतलं काम पहिल्या यादीच्या तारखेवर ढकलल्यामुळे. 'ईस्टर झाला की बघू' म्हणून ठेवलेली भेंडी एप्रिलच्या शेवटी पेरली जाते आणि मग पाणी घालून घालून माणूस दमतो.

इथे गृहीत धरलेलं घर असं: हिंगणा, काटोल रोड, उमरेड रोड किंवा कामठीच्या बाजूला एकर-दीड एकर वावर, एक विहीर किंवा बोअर, आठ-दहा गावरान कोंबड्या, दोन शेळ्या, संत्र्याची पंधरा-वीस झाडं, पाच गुंठे गहू आणि दर रविवारी शहरात चर्चला जाणं.

कोंबड्या: सगळ्यात आधी हे

गावरान कोंबडी वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते. उन्हाळ्याआधीची शेवटची भरवशाची वेळ फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. अंडं उबायला २१ दिवस लागतात. २०२७ सारखा लवकरचा ईस्टर असेल तर ५ मार्चच्या सुमारास कोंबडी बसवली की झावळ्यांच्या रविवारनंतर (ईस्टरच्या आधीचा रविवार) चार-पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि ईस्टरला मुलांच्या हातात देता येतात. २०२८ मध्ये हेच गणित मांडलं तर कोंबडी २४-२५ मार्चला बसवावी लागेल आणि पिल्लं एप्रिलच्या मध्यावर निघतील. ते करू नका. ४० अंशांत कोंबडी धापा टाकत टोपलं सोडून बाहेर बसते, हवा कोरडी असल्याने अंड्यातलं पाणी उडतं, आतला पापुद्रा चामड्यासारखा होतो आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच मरतं. उशिराच्या ईस्टरच्या वर्षी कोंबडी फेब्रुवारीअखेर बसवा. सणाला पिल्लं चार आठवड्यांची, पिसं फुटलेली असतील. मुलांना तेवढंच आवडतं.

बसवताना टोपल्यात तळाला दोन बोटं ओली वाळू, त्यावर राख, त्यावर गव्हांडा किंवा तणस. राखेमुळे उवा-पिसवा कमी होतात. ओल्या वाळूची गरज आपल्याकडच्या कोरड्या हवेमुळे. दर तीन-चार दिवसांनी कडेने वाटीभर पाणी सोडायचं. अंडी १० ते १२, त्याहून जास्त नाही. कोंबडीच्या पोटाखाली न मावलेलं अंडं फिरत फिरत सगळ्यांना थंड करतं. अंडी सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, एकसारख्या आकाराची. कोंबडी रात्रीच बसवा, दिवसा बसवलेली पळते. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चसमोर अंडं धरा: आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर ठीक, स्वच्छ पिवळं दिसलं तर ते फळलेलं नाही, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. कवच फोडायला पिल्लाला मदत करायचा मोह सगळ्या घराला होतो, मुलांना तर जास्तच. तसं ओढून काढलेलं पिल्लू बहुधा जगत नाही, कारण बलक पूर्ण आत ओढला गेलेला नसतो.

पहिला दिवसभर पिल्लाला खाणं लागत नाही. मग पसरट भांड्यात पाणी, त्यात खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. तांदळाची कणी एकटी पुरत नाही. पहिले चार आठवडे निम्मं तरी तयार चिक स्टार्टर (पिल्लांचं खाद्य) द्या. आईखाली असतील तर बल्ब नको. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हा नियम. पण मार्चमध्ये दुपारी खोलीच ३५ ची असते, म्हणून बल्ब फक्त रात्री. दिवसा लावलेला बल्ब पिल्लं मारतो.

लसीकरणात गफलत नको, कारण उन्हाळ्यात मानमोडी (राणीखेत रोग) गावंच्या गावं साफ करते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास लासोटा पुन्हा. आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस, अर्धा मिली, कातडीखाली. ही पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या. अडचण अशी की लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे शेजारच्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा. कुपी दुकानापासून खुराड्यापर्यंत बर्फावर आणा. खिशात घालून स्कूटरवर आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

बाजारात ईस्टरच्या सुमाराला गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात. घेऊ नका. ती अंड्यांच्या जातीची नको असलेली नर पिल्लं असतात, बहुतेक लस न दिलेली, आणि एका पिशवीतून रोग अख्ख्या खुराड्यात येतो.

आता खायच्या अंड्यांचं. उपवासकाळात ज्या घरी अंडी-मांस बंद असतं तिथे अंडी साठतात, आणि इथेच उन्हाची आणि सणाची यादी एकमेकींना धडकतात. फळलेल्या अंड्यातला जीव २०-२१ अंशांच्या वर हळूहळू वाढू लागतो. मार्चच्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टोपलीत तो वाढतोच. फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसतो, पुढे वास. उपाय सोपा आहे: बसवण्यासाठी लागणारी अंडी बाजूला काढून झाली की कोंबडा वेगळा कोंडा. त्यानंतरही साधारण दोन आठवडे अंडी फळलेलीच येत राहतात, तेव्हा कोंबडा फेब्रुवारीतच बाजूला करायला हवा. न फळलेलं अंडं माठाजवळच्या थंड कोपऱ्यात आठवडाभर सहज टिकतं. तरी साठा करत बसू नका. दर शनिवारी विका, आणि ईस्टरसाठी लागणारी फक्त शेवटच्या दहा दिवसांची ठेवा.

चुना एकदाच आणा

फेब्रुवारीत चार किलो कळीचा चुना आणला की तीन कामं भागतात: खुराड्याच्या पत्र्यावर पांढरा हात, कबरींची सफेदी आणि झाडांचे बुंधे. विरवताना लोखंडी घमेलं किंवा ड्रम घ्या. आधी पाणी, मग चुना थोडा थोडा पाण्यात. उलट केलं, म्हणजे चुन्यावर पाणी ओतलं, तर उकळून अंगावर उडतो. प्लॅस्टिकची बादली त्या उष्णतेने वाकते. डोळ्यांना चष्मा, मुलं लांब. रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा. एका किलोला पाचेक लिटर पाणी हे सफेदीचं प्रमाण. भिजवलेला डिंक किंवा मूठभर मीठ घातलं तर हाताला कमी लागतो.

पत्र्यावर दोन हात मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो आणि खुराड्यात दुपारचा ताप जाणवण्याइतका उतरतो. वर तणसाचा थर आणि पश्चिमेकडून ओलं पोतं लावलं की मे महिना निभतो. तापलेल्या खुराड्यात कोंबडी खाणं टाकते आणि अंड्याचं कवच पातळ होतं. म्हणून खाणं पहाटे आणि सूर्य कलल्यावर, पाणी दोनदा बदलून.

कबरींची सफेदी झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शनिवारी करा. ईस्टरची पहाटेची उपासना बऱ्याच मंडळ्या (चर्च) कबरस्तानात घेतात, आणि शेवटच्या आठवड्यात तिथे झाडू, बादली, पाणी, सगळ्यांची एकच गर्दी होते. आधी ब्रशने जुना पोपडा घासून काढा, दगडावर पाणी मारा, ओल्यावरच चुना लावा. तापलेल्या कोरड्या दगडावर लावलेला चुना चार दिवसांत पावडर होऊन झडतो. म्हणून सकाळी आठच्या आत. ग्रॅनाइट किंवा संगमरवर असेल तर चुना नकोच, साध्या पाण्याने पुसा. गवत उपटताना हातात काठी ठेवा.

संत्र्याच्या बुंध्याला मार्चमध्ये नुसता चुना लावला तर साल उन्हाने तडकत नाही. बोर्डो पेस्ट वेगळी, ती मेअखेर, पावसाच्या तोंडावर, डिंक्यासाठी (बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगासाठी): एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, बुंध्याला जमिनीपासून अडीच-तीन फूट. ती मात्र लोखंडी भांड्यात कालवू नका, प्लॅस्टिकची बादलीच. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि औषध वाया जातं. तयार झाल्यावर स्वच्छ विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा.

वावर आणि बगीचा

संत्र्याच्या आंबिया बहाराचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत आलेलं असतं, मार्चमध्ये वाटाण्याएवढी फळं दिसतात. या वेळी पाणी कधी भरपूर, कधी नाही असं झालं की फळगळ ठरलेली. थोडं पण ठरलेल्या दिवशी द्या. आळं दुहेरी करा, आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्या आळ्यात, म्हणजे बुंध्याला पाणी लागत नाही. आळ्यात कुटार किंवा गव्हांड्याचं आच्छादन चार बोटं, बुंध्यापासून वीतभर दूर. झाडांचा काही रोग ओळखू येत नसेल तर पानं-फळं घेऊन अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा. नागपूरकराला ही सोय घराजवळ आहे, ती वापरली जात नाही.

मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. साली फेकू नका, पुढे क्रूसाच्या बनमध्ये लागतील.

भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, ढेमसं ही सगळी १५ फेब्रुवारीपर्यंत जमिनीत गेली पाहिजेत. ईस्टर कधीही असो. भेंडीचं बी रात्रभर भिजवून, दोन ओळींत एक फूट, दोन झाडांत अर्धा फूट. पंचेचाळीस दिवसांत तोडा सुरू. पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की ते झाड उपटून गाडा, औषध मारून ते बरं होत नाही. रोग पांढऱ्या माशीने पसरतो. वेलांची कोवळी पानं चाळणीसारखी दिसली तर लाल भुंगा, तो सकाळी सुस्त असतो, तेव्हाच हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचा. हे काम आठ-दहा वर्षांच्या मुलांचं, शाळेच्या आधीचं. टोमॅटोचं मार्चअखेरनंतर फूल गळतं, रात्रीही गरम राहिलं की फळ धरत नाही. त्याच्यावर पाणी खर्च करू नका. सांबार (कोथिंबीर) उन्हात लवकर फुलावर जातो, म्हणून धणे चपलेखाली रगडून दोन फाकी करून, शेडनेटखाली, दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे टाका.

गहू नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला असेल तर मार्चच्या मध्यावर तयार. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. लवकरच्या ईस्टरच्या वर्षी काढणी आणि पवित्र आठवडा एकावर एक येतात. तेव्हा काढणी आधी उरका, मजूर त्या आठवड्यात मिळेलच याची खात्री नाही, आणि घरची माणसं गुरुवार-शुक्रवार चर्चमध्ये असतात. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट विदर्भाला नवी नाही, कापलेल्या पेंढ्यांवर ताडपत्री तयार ठेवा. मळल्यावर दोन-तीन दिवस कडक ऊन, पण कोठीत भरायचा तो संध्याकाळी थंड झाल्यावरच. गरम गहू भरला की कोठीच्या कडेला घाम धरतो आणि तिथून सोंडे लागतात. पाच गुंठ्यांत ओलिताखाली क्विंटलभर तरी निघावा. आद्यफळ, म्हणजे पिकातला पहिला वाटा, म्हणून चर्चला द्यायची पायली मळणीच्या दिवशीच वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. कोठीत गेलेल्या धान्यातून ती नंतर काढायची म्हटलं की 'पुढच्या रविवारी' होत राहतं.

उपवासकाळातलं घर

कॅथलिक नियमात राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपवासाचे दिवस आहेत, एक पूर्ण जेवण आणि दोन अल्प आहार. हा उपवास १८ पूर्ण झालेल्यांपासून साठीला न लागलेल्यांपर्यंत. मांसवर्ज्य मात्र १४ पूर्ण झाल्यापासून. प्रॉटेस्टंट घरांत असा वयाचा नियम नसतो, घर ठरवतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: पाणी सोडायचं नाही. उपवास आणि दुपारचं कुदळकाम एका माणसाने एका दिवशी करू नये. त्या दिवशी वावरात जायचं ते पहाटे पाच ते आठ, आणि सोबत ज्वारीची मिठाची आंबील. चक्कर, डोकेदुखी, घाम थांबणं ही लक्षणं दिसली की उपवास तिथेच मोडायचा. त्यावर घरात वाद नको.

शुक्रवारच्या जेवणासाठी विदर्भाच्या स्वयंपाकघराला काही शोधावं लागत नाही. पाटवडीचा रस्सा, गोळाभात, झुणका-भाकर, वांग्याचं भरीत. घरचा हरभरा याच काळात निघतो.

कौटुंबिक प्रार्थनेची वेळ ठरवताना पाण्याच्या मोटारीची वेळ आधी बघा. शेतीची वीज कधी रात्री, कधी दिवसा येते. रात्री पाणी असलेल्या आठवड्यात प्रार्थना संध्याकाळी साडेसहाला, दिवसा पाणी असेल तर जेवणानंतर. वेळ बदलली तरी चालते, लांबी बदलू नका. पंधरा मिनिटं: एक गीत, वाचन, प्रत्येकाची एक ओळीची प्रार्थना. रविवार सोडून उपवासकाळाचे ४० दिवस होतात आणि मार्ककृत शुभवर्तमानाचे १६ अध्याय. दिवसाला साधारण १७ वचनं वाचली की पवित्र शनिवारी पुस्तक संपतं. वाचन पोरांकडे द्या. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर त्याला वाचनातून सूट, प्रार्थनेतून नाही.

रविवार मोकळा हवा तर शनिवारी कामं दुप्पट. चारा दोन दिवसांचा कापून सावलीत, ओल्या पोत्याखाली. टाकी काठोकाठ. खुराडं साफ. रविवारचं वरण-भाजीचं चिरून ठेवलेलं. जनावराला पाणी आणि दूध काढणं हे रविवारीही होतंच, त्यात विश्रामदिन मोडत नाही. भेंडी तोडणं मात्र शनिवारी संध्याकाळी करून टाका, कारण सोमवारपर्यंत ठेवलेली जून होते.

वेदीसाठी मोगरा हवा असेल तर त्याची तयारी डिसेंबरपासूनच. डिसेंबरात पाणी तोडायचं, जानेवारीअखेर छाटणी, मग घमेलंभर शेणखत आणि पाणी. मार्चपासून कळ्या येतात. फेब्रुवारीअखेर छाटलेला मोगरा लवकरच्या ईस्टरला नुसती पानं दाखवतो.

पवित्र आठवडा

झावळ्यांच्या रविवारासाठी आपल्याकडे नाल्याच्या काठची शिंदी. शनिवारी सकाळी कापा, ज्याच्या धुऱ्यावर (बांधावर) झाड आहे त्याला विचारून. खालची, बाहेरची पानं घ्या. मधली उभी कोवळी सुई कापायची नाही. शिंदीला वाढीचा तो एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं. देठाजवळची पानं काट्यांत बदललेली असतात आणि ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, त्यामुळे मिरवणुकीआधी देठाचा काटेरी भाग विळ्याने सपासप उतरवा. रात्रभर देठ पाण्यात, वर ओलं पोतं. कापून उन्हात टाकलेली झावळी रविवारपर्यंत मिटते. क्रूस विणायला हातभर लांबीच्या दोन पात्या घ्या, मधला शिरेचा धागा काढून. पाती ओली असतानाच घडी बसते. वाळलेल्या झावळ्या वर्षभर क्रूसामागे ठेवून पुढच्या राखेच्या बुधवाराआधी चर्चमध्ये परत द्यायच्या, त्यांचीच राख होते.

त्याच दुपारी मुलांकडून पसरट टोपलीत गहू पेरून घ्या: दहा तास भिजवलेला, दोन बोटं मातीवर दाटीने, वर पातळ माती, सावलीत, रोज सकाळ-संध्याकाळ शिंपडून. आठवड्यात वीतभर कोवळी हिरवळ येते आणि ईस्टरला जेवणाच्या मेजावर रंगीत अंडी त्यातच ठेवता येतात. पाणी साचलं तर बुरशी येते, म्हणून टोपलीच हवी, ताट नको. पुढे ही हिरवळ शेळीला.

उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना बारा ते तीन चालते, म्हणजे शेतावरचं घर साडेदहा ते साडेचार रिकामं, तेही ऐन उन्हात. निघण्याआधी: शेळ्या सावलीत, दाव्याला पीळ पडणार नाही अशा, पाण्याची दोन भांडी, एक उलटलं तरी दुसरं राहील. कोंबड्यांच्या छपरावरचं तणस आणि पोती ओली. चूल पूर्ण विझलेली. मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात एक ठिणगी गव्हांड्याची गंजी नेते. २०२८ मध्ये उत्तम शुक्रवार १४ एप्रिलला, डॉ. आंबेडकर जयंतीच्या दिवशी आहे. दीक्षाभूमी आणि संविधान चौकाकडचे रस्ते त्या दिवशी गर्दीने भरतात, सदरमधल्या चर्चला जायचं असेल तर तासभर आधी निघा किंवा गावाजवळच्या मंडळीत बसा.

ज्या घरी क्रूसाचे बन (हॉट क्रॉस बन) होतात त्यांच्यासाठी: चार संत्र्यांच्या साली, आतलं पांढरं खरवडून, बारीक कापून, दोन वेळा पाणी बदलून दहा-दहा मिनिटं उकळा. मग पाव किलो साखर आणि पाव लिटर पाण्याच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत, साधारण चाळीस मिनिटं, आणि ताटात पसरून वाळवा. कडवट राहिल्या तर एक उकळी कमी पडली. बनसाठी मैदा ५०० ग्रॅम, थंड दूध पाव लिटर, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६०, लोणी ५०, मीठ ८ ग्रॅम, एक अंडं, मनुका १०० ग्रॅम आणि मूठभर त्या साली. अंडं वर्ज्य असेल तर त्याऐवजी तीन चमचे दूध. पाककृतीत 'दीड तास फुगू द्या' लिहिलेलं असतं ते थंड देशाचं. नागपूरच्या एप्रिलमध्ये कणीक पाऊण तासात दुप्पट होते आणि तासाभरात आंबट वास येऊन बसते. म्हणून दूध फ्रिजमधलं, मळणं पहाटे. बारा गोळे, पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं, मग ५० ग्रॅम मैदा तेवढ्याच पाण्यात कालवून वर क्रूस काढा आणि १९० अंशांवर अठरा-वीस मिनिटं भाजा.

अंडी रंगवायची ती पवित्र शनिवारी संध्याकाळी. गावरान अंड्याचं कवच मुळात बदामी, त्यावर हळद-बीट फिकं दिसतं. कांद्याच्या साली सर्वांत भरवशाच्या: दहा-बारा कांद्यांच्या कोरड्या साली लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, थंड करा, दोन चमचे व्हिनेगर, मग अंडी त्यात घालून बारा मिनिटं उकळा आणि रंगातच निवू द्या. गडद तांबडा-तपकिरी रंग येतो. थंड न करता उकळत्या रंगात अंडी टाकली की तडकतात. अंड्यावर सांबाराचं पान चिकटवून मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधलं तर नक्षी उमटते. पांढरी अंडी असतील तर पळस: ताज्या पाकळ्या दोन मुठी, लिटरभर पाणी, तीच कृती, केशरी-पिवळा रंग. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. उशिराच्या ईस्टरसाठी होळीच्या सुमारासच पाकळ्या सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. वाळलेल्या असतील तर मूठभर पुरे.

पहाटेच्या उपासनेहून आल्यावर मुलांचा अंडी शोधण्याचा खेळ सातच्या आत उरका, मोकळ्या अंगणात. गंजी, धुरा, लाकडांची चळत इथे अंडी लपवू नका, याच दिवसांत साप गारव्याला तिथे येतात. लपवलेली अंडी मोजून लिहून ठेवा, नाहीतर मंगळवारी वासाने सापडतील. उकडलेलं अंडं त्या उन्हात तासाहून जास्त राहिलं तर खायचं नाही, शेळीलाही नाही, खड्ड्यात पुरा. खायची वेगळी ठेवा.

सण झाल्यावर

ईस्टरनंतरच्या आठवड्यात शेळ्यांच्या आंत्रविषाराच्या लसीसाठी दवाखान्यात नाव नोंदवा; लस पाऊस लागण्याआधी, मे महिन्यात टोचून व्हायला हवी, आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. मुलांची परीक्षा संपली की कुरडयांना लागा: गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू देऊन वरचं पाणी टाकायचं, मग चिकाएवढंच पाणी मीठ घालून गंजात (पातेल्यात) उकळून त्यात चीक घोटायचा, गाठी होऊ न देता. आंबट वास आला तर पाणी बदलायला उशीर झाला. कोंबडा परत कोंबड्यांत सोडायचा तो मृगाचा पाऊस पडून हवा उतरल्यावर. आधी सोडला तर मे महिन्याची अंडी टोपलीतच उबायला लागतात.